रुळांपलीकडची जमीन सिटीत: बरोबर की पळवाट?

ऑरोराकर: इकडे अमेरिकेत, इलिनॉय राज्यात सिटीला बाहेरची जमीन हद्दीत घ्यायची तर ती सिटीला लागून पाहिजे, पण मधे रेल्वेची पट्टी आली तरी कायदा तिला लागूनच धरतो. आणि गंमत म्हणजे ती पट्टी मात्र हद्दीत येत नाही. नकाशावर अलीकडे सिटी, पलीकडे सिटी, मधले रूळ बाहेर. मला तर ही सरळ पळवाट वाटते.

वऱ्हाडी_शिकागो: पळवाट कसली राव? रूळ आडवे आले म्हणून पलीकडच्यांनी सिटीच्या नळाशिवाय जन्मभर विहीर अन् सेप्टिक टँकवर काढायचं का? आणि साधारणपणे जमीनमालकांच्या सह्या लागतातच की.

ऑरोराकर: नेहमी नाही हां. 60 एकर किंवा कमीचा तुकडा चारी बाजूंनी वेढला गेला की नोटीस देऊन सहीशिवाय घेता येतो. आधी रुळांपलीकडे पाय ठेवायचा, मग मधल्याला घेरायचं.

फाटकवाली: मी पलीकडचीच. फाटक पडलं की मालगाडी रांगत जाते, कधी मधेच थांबते, परवा मुलीला आणायला निघाले तर तिच्यासाठी घेतलेला चिवडा गाडीतच मी संपवला! मंडलाइन गावाने 10 मिनिटांपेक्षा जास्त क्रॉसिंग अडवलं तर दंड असा नियम केलेला, 2008 मध्ये इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केंद्राच्या कायद्यापुढे तो चालणार नाही. म्हणजे जमीन घेताना जोडलेली, आणि आगीचा बंब पाठवताना?

वऱ्हाडी_शिकागो: ताई, फाटक तर तुम्ही सिटीत गेलात काय नि बाहेर राहिलात काय, तसंच पडणार ना?

हडपसरचा: पुण्यातून वाचतोय, तुमच्याकडे निदान सह्या तरी आहेत. इकडे 2021 मध्ये राज्य सरकारने 23 गावं मनपात टाकली, हरकती-सूचना मागवल्या की झालं. आणि रेल्वेची जमीन हद्दीत असली तरी राज्यघटनेच्या कलम 285 मुळे मालमत्ता कर नाही, फार तर सेवाशुल्क. तुमच्या रेल्वे कंपन्या खाजगी, टॅक्स भरणाऱ्या, मग पट्टी बाहेर का सोडता तेच कळेना.

फाटकवाली: @वऱ्हाडी_शिकागो दादा, फाटक पडणारच हो, पण आत्ता आमचं फायर स्टेशन आमच्याच बाजूला आहे, त्यांना रूळ ओलांडावेच लागत नाहीत. सिटीचं स्टेशन फाटकाच्या त्या अंगाला. नळाचं पाणी पाहिजेच आहे मला, पण आधी बंब कुठून येणार ते लिहून द्या, मग सही मागा.