राज्यसभेचा खासदार माझा कोण लागतो?

निफाडकर

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या वाचनालयाला एक खोली वाढवून मिळाली. दाराशेजारी संगमरवरी पाटी बसली, 'खासदार स्थानिक विकास निधीतून', आणि खाली खासदारांचं नाव. हे नाव मतदान यंत्रावर मी आजवर पाहिलेलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, हे राज्यसभेचे. सरपंच म्हणाले, "काम झालं ना? मग कशाला खोलात शिरता?"

पण मला खोलात शिरायचंच आहे. ज्यांना मी मत दिलं नाही, ज्यांना पाडू शकत नाही, ते माझे प्रतिनिधी कसे?

दुसरं म्हणजे आमचा दिंडोरी मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. मी त्या समाजातला नाही. मग लोकसभेचे खासदार तरी पूर्ण माझे का?

तिसरं, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा दिल्लीत आपलं म्हणणं मांडायला नक्की कोणाला गाठायचं हेच आम्हाला कळेना. 'वरिष्ठ सभागृह, कनिष्ठ सभागृह' असलं पुस्तकी उत्तर नको, ते शाळेत पाठ केलंय.

शंकेखोर

सोपं आहे. लोकसभा म्हणजे निवडून आलेले, राज्यसभा म्हणजे पडलेले. पुनर्वसन केंद्र. पुढचा धागा.

कक्ष_अधिकारी_निवृत्त

शंकेखोर, टाळी घेतलीत, पण प्रश्न तसाच राहिला.

निफाडकर, माझी नोकरी विधानभवनात झाली, त्यामुळे दिल्लीपेक्षा इकडच्या टोकाकडून सांगतो. राज्यसभेची निवडणूक होते ती इथेच, मुंबईत. मतदार फक्त विधानसभेचे आमदार. विधान परिषदेच्या आमदारांना त्यात मत नाही. म्हणजे तुम्ही विधानसभेला मत देता तेव्हा राज्यसभेच्या मतदाराची नेमणूकही करत असता. हे प्रचारात कोणी सांगत नाही, कारण सांगून मत वाढत नाही.

मतदान कसं चालतं ते पाहण्यासारखं असतं. इथे यंत्र नाही, कागदी मतपत्रिका. आमदाराने नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम आकड्यात लिहायचे. मराठी आकडे चालतात, अक्षरी 'एक' लिहिलं तर बाद. लिहायला निवडणूक अधिकारी जांभळ्या रंगाचं स्केचपेन देतात, स्वतःचं पेन वापरायचं नाही. २०१६ मध्ये हरियाणात पेन वेगळं निघाल्यामुळे मतं बाद झाली आणि त्यावरून मोठा गहजब झाला होता. पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची. त्याला न दाखवता टाकली तर बाद, आणि भलत्यालाच दाखवली तरी बाद. अपक्षाने मात्र कोणालाही दाखवायची नाही. तुमचं मत गुप्त, पण तुमच्या आमदाराचं पक्षापुढे उघडं. हा बदल २००३ चा, घोडेबाजार थांबावा म्हणून केलेला. थांबला का, ते तुम्हीच ठरवा.

आता आकडे, कारण खरी गंमत तिथे आहे. १० जून २०२२ ची निवडणूक घ्या. जागा ६, उमेदवार ७. विधानसभेतल्या २८८ पैकी एक जागा रिकामी आणि दोन आमदार तुरुंगात, म्हणून २८५ जणांनी मतदान केलं. मतपत्रिका दाखवण्याच्या वादात एक मत बाद झालं, उरली २८४. मोजणीत प्रत्येक मताची किंमत १०० धरतात. २८,४०० ला जागा अधिक एक, म्हणजे ७ ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि १ मिळवायचा. आला ४,०५८. हा कोटा, म्हणजे साधारण ४१ आमदार. सहाव्या जागेसाठी शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. निवडून आले महाडिक. भाजपच्या दुसऱ्या दोन उमेदवारांना ४८-४८ मतं मिळाली होती. त्यांची कोट्यावरची शिल्लक दुसऱ्या पसंतीप्रमाणे महाडिकांकडे गेली. ३३ हरले आणि २७ जिंकले ते असे.

ही पद्धत मुद्दाम ठेवलेली आहे. नाहीतर विधानसभेत ज्याचं बहुमत, त्याच्याच खिशात सगळ्या जागा जातील. इथे ४०-४२ आमदारांचा गट असेल तर त्याची एक जागा कोणी हिसकावू शकत नाही.

पाटीबद्दल बोलायचं तर त्यात काही गैर नाही. दोन्ही सभागृहांतल्या खासदारांना वर्षाला ५ कोटींपर्यंतची कामं सुचवता येतात. लोकसभेच्या खासदाराने ती मुख्यतः आपल्या मतदारसंघात सुचवायची, राज्यसभेच्या खासदाराला तो ज्या राज्यातून निवडून आला त्या राज्यात कुठेही. पैसा खासदाराच्या हातात येत नाही, काम जिल्हा प्रशासन करून घेतं. पाटीवर नाव मात्र खासदाराचं.

रेवती

राखीव मतदारसंघाबद्दल मी सांगते. राखीव असतो तो उमेदवार. मतदार सगळेच. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ८४ अनुसूचित जातींसाठी आणि ४७ जमातींसाठी आहेत. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ५ आणि ४. यातल्या प्रत्येक जागेवर यादीतला प्रत्येक मतदार मत देतो. स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे ज्या समाजाचा प्रतिनिधी त्याच समाजाचे मतदार, ही कल्पना दलितांच्या बाबतीत १९३२ च्या पुणे करारात मागे पडली आणि तिच्या जागी संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या. त्यामुळे दिंडोरीचे खासदार तुमचे पूर्ण सोळा आणे आहेत, दादा.

राज्यसभेत मात्र असं कुठलंच आरक्षण नाही. २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती महिलांना एकतृतीयांश जागा देते ती लोकसभेत आणि विधानसभांत. राज्यसभा त्यातून बाहेर.

शंकेखोर

ठीक आहे, आता गंभीरपणे विचारतो. राज्यसभा राज्यांची म्हणता ना? मग उत्तर प्रदेशला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ कशी? अमेरिकेच्या सेनेटमध्ये राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकी दोन. आपल्याकडे तर वरही लोकसंख्या आणि खालीही लोकसंख्या. शिवाय उमेदवार त्या राज्याचा असावा लागत नाही. मग राज्याचं काय राहिलं त्यात?

कक्ष_अधिकारी_निवृत्त

हा प्रश्न टाळ्यांचा नाही, कामाचा आहे.

वाटप लोकसंख्येवर आहे हे खरं, पण सरळ प्रमाणात नाही. पहिल्या ५० लाखांपर्यंत दर १० लाखांना एक जागा, पुढे दर २० लाखांना एक, असा हिशोब धरला होता. त्यामुळे मोठ्या राज्याचा वाटा थोडा दबतो. लोकसभेत उत्तर प्रदेशच्या ८० जागा आणि आपल्या ४८. राज्यसभेत ३१ आणि १९. पण सिक्कीम आणि गोव्याला एकेकच, हेही खरं. घटनाकारांना सगळी राज्यं एका मापाची करायची नव्हती. दिल्ली मजबूत हवी, पण राज्यांना तिथे कायमचं एक दार हवं, एवढाच तो बेत.

राहण्याच्या अटीवर मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. २००३ पर्यंत उमेदवार त्या राज्यातला नोंदणीकृत मतदार असावा लागे. ती अट काढली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कुलदीप नय्यर यांच्या खटल्यात ते मान्य केलं. आता देशात कुठेही मतदारयादीत नाव असलं की पुरे. अट होती तेव्हाही पळवाटा होत्याच, पण निदान कागदावर तरी त्या राज्याचा पत्ता लागायचा. मला विचाराल तर राज्यसभेचं सगळ्यात जास्त नुकसान या एका बदलाने केलं. पराभूतांना तिकीट मिळतं हा त्यापुढे किरकोळ दोष. चांगला माणूस लोकसभेला पडू शकतोच की.

लोकसभाही तराजूत फार नेमकी आहे असं समजू नका. राज्यांच्या जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली गेली. आधी १९७६ च्या दुरुस्तीने २००० पर्यंत, मग पुढच्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. लक्षद्वीपच्या खासदारामागे साठ हजारही मतदार नाहीत, तेलंगणातल्या मलकाजगिरीच्या खासदारामागे तीस लाखांवर. सभागृहात दोघांचं मत एकच.

निफाडकर

काका, पद्धत कळली. पण राज्यसभेने नाही म्हटलं तर होतं काय? बजेट अडवता येत नाही म्हणतात. सरकार पाडता येत नाही. मग हे सभागृह करतं काय?

कक्ष_अधिकारी_निवृत्त

सरकार पाडता येत नाही, बरोबर. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं ते लोकसभेत. धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशांबद्दलचं विधेयक, राज्यसभा फार तर १४ दिवस ठेवू शकते आणि शिफारशी करू शकते. त्या स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. आणि विधेयक 'धन' आहे की नाही हे लोकसभेच्या अध्यक्षांनी ठरवायचं. खरी मेख तिथे आहे. मार्च २०१६ मध्ये आधारचा कायदा धन विधेयक म्हणून आला, राज्यसभेने दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्याच दिवशी त्या फेटाळल्या आणि विषय संपला.

साध्या विधेयकावर दोघांचं जुळलं नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिथे ५४३ पुढे २४५, त्यामुळे निकाल बहुतेक ठरलेला. तरी आजवर अशी बैठक तीनदाच विधेयकासाठी झाली: १९६१ मध्ये हुंडाबंदी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोगाचा कायदा रद्द करण्यासाठी, २००२ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा.

पण घटनादुरुस्तीला संयुक्त बैठक नाही. दोन्ही सभागृहांत वेगवेगळं, एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोनतृतीयांश. तिथे राज्यसभेचा नकार म्हणजे नकार. ५ सप्टेंबर १९७० ला संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचं विधेयक राज्यसभेत आलं. बाजूने १४९, विरोधात ७५. दोनतृतीयांश म्हणजे १४९ आणि वर एकतृतीयांश मत. त्या मताच्या तिसऱ्या हिश्शाने इंदिरा गांधींचं विधेयक पडलं. तनखे शेवटी १९७१ च्या निवडणुकीनंतर नव्याने केलेल्या घटनादुरुस्तीने गेले. लोकांसमोर जाऊन कौल घेऊन यावं लागलं. १९८९ मध्ये पंचायत राजची दुरुस्तीही लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडली, ती नव्या स्वरूपात १९९२ ला आली. यातलं कोणतं अडवणं चांगलं, कोणतं वाईट, यावर आमच्या कॅन्टीनमध्ये भांडणं झालेली आहेत.

शिवाय राज्यसूचीतल्या, म्हणजे एरवी राज्यांच्या हाती असलेल्या, विषयावर संसदेने कायदा करावा असं ठरवायचं असेल तर तो ठराव फक्त राज्यसभाच करू शकते, तोही दोनतृतीयांशाने. आणि ही सभा विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एकतृतीयांश निवृत्त होतात, बाकीचे बसलेलेच. एका लाटेत लोकसभा बदलते, राज्यसभा हळूहळू बदलते. मागच्या विधानसभा निवडणुकांत तुम्ही काय म्हणाला होता त्याचा हिशोब तिथे चालू असतो.

रेवती

नामनियुक्त १२ राहिले की, काका. लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर वगैरे.

कक्ष_अधिकारी_निवृत्त

हो. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांतले १२, राष्ट्रपतींनी नेमलेले. महामहोपाध्याय पां. वा. काणेही त्यांतले. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्यांना मत नसतं. बाकी हजेरी किती लावली हा विषय काढला तर धागा शंभर प्रतिसादांवर जाईल.

निफाडकर

मग कांद्याचं सांगा. कोणाला गाठू?

कक्ष_अधिकारी_निवृत्त

निर्यात हा केंद्राचा विषय. त्यासाठी दिंडोरीचे खासदार आहेतच, शिवाय महाराष्ट्राचे १९ जण राज्यसभेत आहेत. कांदा एका मतदारसंघाचा नाही, नगर, पुणे, सोलापूरचाही आहे. म्हणून त्यांच्यापैकी कोणालाही हक्काने लिहा. पक्ष बघू नका. उलट विरोधी पक्षातला आणि सत्ताधारी पक्षातला, असे दोघे धरा.

पण निवेदन, हार, फोटो यात वेळ घालवू नका. प्रश्न लिहून द्या. निर्यात कधी बंद केली, कोणत्या आकडेवारीवरून केली, त्या काळात नाफेडने काय भावाने किती खरेदी केली, असे मोजके मुद्दे. मतं नकोत, 'सरकारला जाणीव आहे काय' हे तर अजिबात नको. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. राज्यसभेत दिवसाला असे १५ लागतात, लोकसभेत २०. अतारांकिताला लेखी उत्तर येतं, तेच तुमच्या जास्त उपयोगाचं, कारण आकडे त्यात असतात आणि ते संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतं. खासदार सभागृहात गप्प बसले तरी उत्तर येतंच.

नोटीस १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. निर्यात वाणिज्य मंत्रालयाकडे, खरेदी आणि राखीव साठा ग्राहक व्यवहार विभागाकडे. एकाच प्रश्नात दोन्ही कोंबलेत तर उत्तर मिळेल की 'माहिती गोळा केली जात आहे'.

निफाडकर

दोन वेगळे प्रश्न करतो मग. मसुदा इथेच टाकू का? भाषा तुम्ही तपासा.

कक्ष_अधिकारी_निवृत्त

टाका. दीडशे शब्दांच्या आत ठेवा.