पायथन शिकताना: एरर आली नाही, पण उत्तर चुकलं. तुमचे अनुभव सांगा

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नव्याने शिकणाऱ्या काहीजणांना मी सध्या मदत करते आहे. की-एरर, इंडेक्स-एरर (नसलेली नोंद किंवा नसलेली जागा मागितली की येणाऱ्या) दिसली की ते घाबरतात. मला त्या एररची फारशी काळजी वाटत नाही. पायथन तिथल्या तिथे थांबतो आणि कुठल्या ओळीवर अडलं तेही सांगतो. काळजी वाटते ती मुकाट्याने शेवटपर्यंत चालून चुकीचं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामची. लिस्ट (क्रमाने ठेवलेली यादी), डिक्शनरी (की म्हणजे खूण आणि तिची किंमत, अशा जोड्या) किंवा स्ट्रिंगने (अक्षरांची माळ, म्हणजे मजकूर) तुम्हाला असं कधी चकवलं असेल तर इथे लिहा. काय वाटलं होतं, झालं काय आणि सापडलं कसं, हे तिन्ही सांगा.

सुरुवात मी करते. मूळ लिस्ट जपून ठेवायची म्हणून मी लिहिलं: प्रत = मूळ. मग प्रतीतून नको ते आकडे काढले आणि शेवटी दोन्ही लिस्ट ताडून पाहिल्या. फरक काहीच नाही! मूळ लिस्टमधलेही आकडे गेले होते. बरोबरचं चिन्ह लिस्टची नक्कल करत नाही, त्याच लिस्टला आणखी एक नाव चिकटवतं, हे तेव्हा कळलं. नक्कल हवी तर कॉपी ही मेथड वापरायची. (पायथन ३ मध्ये अशी देवनागरी नावं खरोखर चालतात.)

---

माझंही याच जातीचं. फुली-गोळ्याचा खेळ लिहीत होतो. तीन शून्यांची एक ओळ केली, ती लिस्टमध्ये ठेवून तिला ३ ने गुणलं आणि पट तयार. छापून पाहिला, अगदी बरोबर. पहिल्या घरात फुली टाकली तर तिन्ही ओळींच्या पहिल्या घरात फुली! कोण जिंकलं ते तपासणारा कोड मी दोन संध्याकाळी उकरत बसलो आणि चूक निघाली पट बनवणाऱ्या ओळीत. त्या गुणाकाराने तीन ओळी होत नाहीत, एकच ओळ तीन जागी दिसते. आयडी हे वस्तूचा ओळख-आकडा देणारं फंक्शन तिन्हींवर चालवलं, तोच आकडा तीनदा आला, तेव्हा पटलं. आता फॉर लावून प्रत्येक ओळ वेगळी बनवतो.

---

वरच्या दोन्ही अनुभवांना जोडून: लिस्टच्या आत लिस्ट असेल तर साध्या कॉपीनेही भागत नाही. बाहेरची लिस्ट नवी होते, आतल्या त्याच राहतात. तिथे कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी लागतं, ते आतल्या लिस्टचीही नक्कल करतं.

---

फाइलमधून गुण वाचले, सॉर्ट केले. क्रम आला १००, २०, ९. मला वाटलं सॉर्टच बिघडलंय. पण फाइलमधून आलेलं सगळं स्ट्रिंग असतं, आणि स्ट्रिंगची तुलना डावीकडून एकेक अक्षर घेऊन होते; १ हा २ च्या आधी, २ हा ९ च्या आधी. वाचतानाच इंट लावून स्ट्रिंगचा आकडा केला की झालं. इनपुटने घेतलेल्या आकड्यांचंही हेच.

---

लिस्टमधून सगळे २ काढायचे होते. लिस्ट होती १, २, २, ३. लूप फिरवला, २ दिसला की रिमूव्ह. शेवटी एक २ शिल्लक राहिला. बरेच दिवस मी हाच कोड दोनदा चालवून वेळ मारून नेली, आणि आज ते आठवलं तरी बरं वाटत नाही, कारण कारण शोधलंच नव्हतं. कागदावर एकेक पायरी लिहिली तेव्हा उलगडलं. पहिला २ काढला की मागचे सगळे एक घर पुढे सरकतात, लूप मात्र पुढच्या घरावर जातो. दुसरा २ त्या सरकण्यात निसटतो. ज्या लिस्टवर फिरतोय तिलाच कात्री लावायची नाही. हवे ते घेऊन नवी लिस्ट करायची. डिक्शनरी याबाबतीत बरी: फिरताना की काढली तर लूपच्या पुढच्या फेरीला एरर देते.

---

शब्दांच्या लिस्टमध्ये एक स्वल्पविराम राहिला. पायथनने शेजारशेजारच्या दोन स्ट्रिंग जोडून एकच केली. १२ शब्दांचे ११ झाले, तक्रार शून्य. तेव्हापासून प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर, आणि शेवटच्या शब्दानंतरही स्वल्पविराम.

---

फंक्शनच्या पॅरामीटरला डीफॉल्ट (काही दिलं नाही तर वापरायची किंमत) म्हणून रिकामी लिस्ट दिली होती. पहिल्यांदा बरोबर, दुसऱ्यांदा बोलावलं तर आधीच्या नोंदी आत हजर. ती रिकामी लिस्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनते, दर वेळी नवी मिळत नाही. डीफॉल्ट नन (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवायचं आणि लिस्ट आत बनवायची. मी शिकवतो तेव्हा हे पहिल्याच आठवड्यात सांगतो, थोडं लवकर वाटलं तरी. नंतर हुडकताना फार जीव जातो.

---

डिक्शनरीत की म्हणून १ आणि ट्रू दोन्ही ठेवले होते. एकच नोंद उरली. पायथनच्या लेखी दोन्ही समान आणि हॅशही (कीवरून काढलेला आकडा, ज्याने डिक्शनरी नोंद शोधते) तोच, म्हणून दुसरी किंमत पहिलीवर बसते. १.० चंही तसंच.

---

माझा अनुभव मराठी मजकुराचा आहे. लेखांत कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजत होते. शब्द ही की, संख्या ही किंमत, सोपं काम. निकालात 'दुसऱ्या' हा शब्द दोनदा आला, दोन वेगळ्या संख्यांसह. डिक्शनरीत एक की दोनदा येऊच शकत नाही, म्हणून आधी स्ट्रिप लावून मोकळ्या जागा काढल्या. फरक पडला नाही. मोठं करून पाहिलं, अक्षर न् अक्षर सारखं. शेवटी दोन्हींवर लांबी मोजणारं लेन चालवलं: एकाची लांबी ७, दुसऱ्याची ८.

मग दोन्ही शब्द सुटे करून छापले. एकात ऱ हे एकच चिन्ह होतं, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे वेगळा नुक्ता (अक्षराखालच्या टिंबाचं चिन्ह). डोळ्याला एकच, पायथनला दोन. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारं फंक्शन) एनएफसी (सुटी चिन्हं जोडणारा प्रकार) देऊन चालवलं आणि दोन्ही नोंदी एक झाल्या. 'दुसऱ्या' मुळे हे सापडलं, पण 'वाऱ्या', 'साऱ्या', 'करणाऱ्या' सगळ्यांची मोजणी तोवर फाटलेली होती. ती सगळी मी पुन्हा केली.