17 सप्टेंबरच्या फलकावर काय लिहावं? आणि '1349 फ.' म्हणजे नेमकं कोणतं वर्ष?

औसेकर_गुरुजी
मुक्तिसंग्राम दिनासाठी शाळेच्या दर्शनी भिंतीवर फलक करायलोत. दरवर्षीची तीच ती वाक्यं नकोत, लोकांना सहसा माहीत नसलेलं पण पक्कं असं पाहिजे. मसुद्यात सध्या तीन वाक्यं आहेत: (1) 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं विलीनीकरणाच्या करारावर सही केली. (2) त्या दिवशी मराठवाड्याचे आठही जिल्हे मुक्त झाले. (3) शेजारी गावातला एक जुना कागद लावायचा आहे, त्यावर 'खुर्दाद 1349 फ.' असं आहे. त्याखाली इसवी सन कोणता टाकू?

बोरीकाठ
गुरुजी, पहिली दोन्ही वाक्यं काढा.

17 ला सही-बिही काही झाली नाही. त्या दिवशी निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली आणि रेडिओवरून तसं सांगितलं. सैन्याची रीतसर शरणागती 18 ची आहे: निजामाचे सेनापती एल एद्रूस मेजर जनरल जे. एन. चौधरींना शरण गेले. आधीचा कागद म्हणाल तर 29 नोव्हेंबर 1947 चा 'जैसे थे' करार, पण ते विलीनीकरण नव्हे. भारताची राज्यघटना संस्थानाला लागू राहील हे फर्मान निघालं 23 नोव्हेंबर 1949 ला, म्हणजे मुक्तीनंतर चौदा महिन्यांनी. पुढं 26 जानेवारी 1950 पासून 1956 मध्ये संस्थानाचं त्रिभाजन होईपर्यंत निजाम राजप्रमुख, म्हणजे राज्याचे घटनात्मक प्रमुख होते. हे वाचून पोरं हमखास विचारतील, 'सर, मग हरलं कोण?' उत्तर तयार ठेवा.

आठ जिल्ह्यांचं म्हणाल तर तेव्हा मराठवाड्यात जिल्हे पाचच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना 1981 चा, लातूर 1982 चा, हिंगोली 1999 चा. तुमचा औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता.

दफ्तरखाना
तिसऱ्याचं मी सांगतो, सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो.

'फ.' म्हणजे फसली, निजामी दप्तरातली महसुली कालगणना. उर्दू कागदात आकड्याला लागून 'फे' हे अक्षर असतं. हिजरी असेल तर 'हे'. आधी ते अक्षर बघा, आकडा नंतर. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. महिने क्रमानं: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. आजूर म्हणजे ढोबळमानानं ऑक्टोबर, तिथून बोटं मोजत जा.

आजूर, दै, बहमन असेल तर फसलीत 590 मिळवा. इस्फंदारपासून पुढं 591. बहमनचे शेवटचे चार-पाच दिवस जानेवारीत जाऊ शकतात, तेवढं सांभाळा. तुमचा खुर्दाद सातवा, म्हणजे साधारण एप्रिल, आणि 1349 + 591 = 1940. फलकावर 'एप्रिल 1940 च्या सुमारास' लिहा, तारीख ठोकू नका.

चुकतं कुठं? इंटरनेटवर इराणी दिनदर्शिकेचं गणकयंत्र मिळतं, महिन्यांची नावं तीच. पण तिथं वर्ष फरवर्दीपासून, मार्चमध्ये सुरू होतं, आणि 1349 टाकलं की ते 1970 दाखवतं! उत्तरेकडच्या फसलीला 592-593 मिळवतात, ते लावलं तर दोन वर्षं पुढं जाता. आणि हिजरी समजून वाचलं तर थेट 1930 गाठता. कागद एकच, साल चार.

त्याच हिशेबानं 17 सप्टेंबर 1948 म्हणजे आबान 1357 फसली. हे मात्र फलकावर जरूर टाका, कुठंच दिसत नाही.

औसेकर_गुरुजी
झकास! एकानं चारमिनार असलेला चांदीचा रुपया द्यायचं कबूल केलंय, त्यावर 1361 आहे. मग 1952 का? तेव्हा तर निजामी राज्यच नव्हतं.

दफ्तरखाना
नाही हो, नाण्यावर हिजरी. 1361 म्हणजे 1942. दप्तर फसलीत आणि टाकसाळ हिजरीत, असा कारभार. दुसरा छोटा आकडा गादीवर बसल्यापासूनचं वर्ष दाखवतो. चारमिनारच्या कमानीत बारीक 'ऐन' अक्षर शोधा, ते उस्मान अलींचं. 'मीम' असेल तर नाणं त्यांच्या वडिलांच्या, महबूब अलींच्या काळचं.

पाटीवर 'हाली सिक्का' (निजामाचं स्वतःचं चलन) लिहा आणि दर द्या: 7 हाली = 6 कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. जुन्या खरेदीखतात '700 रुपये हाली' दिसले तर ते 600 कलदार. आणि नाणं पितांबरीनं घासू देऊ नका, अक्षरं झिजतात.

बोरीकाठ
जागा उरली तर दोन गोष्टी. सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेनं 13 सप्टेंबरलाच नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. तो उडवायचा निजामी सैन्याचा बेत होता. उडाला असता तर हैदराबादचा रस्ताच तुटला असता. दुसरी, सैन्याच्या हकिगतीत 'मोमिनाबाद' येतं, ते म्हणजे आपलं अंबाजोगाई. नकाशात मोमिनाबाद शोधत बसू नका.

तेरणा_वाचक
यात भर: त्याच सप्टेंबरात निजामाच्या अर्थमंत्र्यानं दहा लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवली. निजामानं ती लगेच परत मागितली. निकाल लागला ऑक्टोबर 2019 मध्ये, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.

औसेकर_गुरुजी
मसुदा बदलला. 'सही केली' च्या जागी 'शस्त्रसंधी जाहीर केली', 'आठही' च्या जागी 'तेव्हाचे पाच'. पेंटरला आजच देतो. महिन्यांच्या यादीतलं 'उर्दीबिहिश्त' तेवढं तो नीट लिहील की नाही, शंका आहे.