लिव्हरपूलच्या जुन्या पबात बाबांना न्यायचंय, न पिता बसलं तर चालतं का?

गलबत७:
मंडळी, पुढच्या महिन्यात बहिणीकडे मँचेस्टरला चाललोय, सोबत बाबा (वय ७६) आणि माझा ८ वर्षांचा मुलगा. बाबा मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला होते, सत्तरच्या दशकात त्यांची बोट लिव्हरपूलला लागायची आणि तिथल्या कुठल्यातरी गल्लीतल्या पबाबद्दल ते अजून बोलतात, नाव आठवत नाही, फक्त कोपऱ्यातली छोटी खोली आणि तिथल्या भिंतीतलं घंटीचं पितळी बटण आठवतं. आता डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद केलीये. पण परवा म्हणाले, "एकदा तिथे नुसतं बसून यायचंय", आणि ते ऐकल्यापासून मला चैन नाही. न पिणारा माणूस पबात बसलेला वाईट दिसतं का? मुलाला आत घेतात का? आणि नुसता टुरिस्टांचा नको, वस्तीतला जुना पब कुठला?

मर्सीकाठ:
काकांना बिनधास्त न्या! मी तिथे ५ वर्षं काढली, स्वतः पीत नाही, तरी दर शुक्रवारी पबात असायचो. लाइम-सोडा मागायचा, कोणी वळूनसुद्धा बघत नाही. फक्त टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, माझे सासरे बिचारे अर्धा तास तसे बसले होते. बारपाशी जायचं, ऑर्डर द्यायची, पैसे बहुतेक तिथेच द्यायचे. रांग दिसत नाही पण कोण आधी आलंय हे बारवाल्याला आणि शेजारच्यांनाही बरोबर माहीत असतं, त्यामुळे मध्ये घुसायचं नाही. टिप लागत नाही.
पब म्हणाल तर एजर्टन स्ट्रीटवरचा पीटर कॅव्हनाज. घरांच्या ओळीतच आहे. ज्याच्या नावाचा पब तो माणूस १८९७ पासून १९५० पर्यंत तिथे मालक होता, आणि आतल्या खोल्यांच्या भिंतींवर १९२९ ची चित्रं आहेत, लेखक डिकन्स आणि चित्रकार होगार्थ यांच्या कलाकृतींतल्या प्रसंगांची. होप स्ट्रीटवरच्या फिलहार्मोनिक पबात टुरिस्ट असतात हे खरं, पण तोही सोडू नका. महॉगनी, मोझेक, तांब्याचं नक्षीकाम, आणि पुरुषांच्या टॉयलेटमधला गुलाबी संगमरवर बघायला तर बायकासुद्धा परवानगी काढून जातात. २०२० मध्ये त्याला ग्रेड वन, म्हणजे तिथल्या वारसा इमारतींचा सर्वात वरचा दर्जा मिळालाय.

दर्यावर्दी:
काका बोटीवरचे म्हणजे वॅपिंग रस्त्यावरचा बाल्टिक फ्लीट पब दाखवाच, अल्बर्ट डॉकपासून चालत जाता येतं. आमच्या पणजोबांच्या पिढीतली रत्नागिरीकडची कितीतरी माणसं ब्रिटिश बोटींवर खलाशी होती, त्यामुळे त्या गोदीच्या भिंतीजवळ उभं राहिलं की मला गलबलून येतं.
काका म्हणतात त्या छोट्या खोलीला स्नग म्हणतात. ज्यांना चारचौघांत दिसायचं नसायचं ते आणि पूर्वी बायकाही तिथे बसायच्या. आणि त्यांना आठवतंय ते अगदी खरं आहे, त्या भागातल्या पबांत खोलीत बसल्याबसल्या घंटी दाबून वेटरला बोलवायची पद्धत होती. काही ठिकाणी ती बटणं अजून भिंतीत आहेत, पण बहुतेक वाजत नाहीत.

चिऊताई:
मुलाचं सांगते. १६ च्या आतल्या मुलांसोबत मोठं माणूस लागतं, त्यावर घ्यायचं की नाही हे तो तो पब ठरवतो. संध्याकाळी बरेच जण मुलांना नको म्हणतात, म्हणून आधी फोन करा आणि दुपारी दोन-तीनला जा, तेव्हा शांतही असतं. आणि तुम्ही स्वतः घेणार असाल तर हाफ पाइंटने सुरुवात करा, पाइंट म्हणजे ५६८ मिली, हॅंडपंपवरची एल (बिअरचाच एक प्रकार) ११-१३ अंशांवर देतात, फ्रिजसारखी गार नसते, बिघडलीये समजून परत करू नका.

गलबत७:
जाऊन आलो काल, सगळ्यांचे मनापासून आभार! तिन्ही पब केले आणि चौथा असाच एका गल्लीत दिसला म्हणून शिरलो. बाबांचा तो हाच का हे नाही सांगता येणार, त्यांनाही खात्री नाही. पण आतल्या खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी खिडकीखाली भिंतीवर हात फिरवला आणि बटण सापडलं, मधोमध झिजून बशीसारखं झालेलं. दाबलं, वाजलं नाही. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी ते बघितलं आणि विचारलं, कुठली बोट? मग मी आणि मुलगा दीड तास गप्प बसून ऐकत होतो, बाबांचा लाइम-सोडा तसाच राहिला.