ग्रास कटरसाठी भरवशाचा मेकॅनिक कसा ओळखायचा? (कुडाळ-सावंतवाडी)

काजूवाला: ४३ सीसी टू-स्ट्रोक ग्रास कटर. चोकवर सुरू होतो, चोक काढून रेस दिली की बंद. दुकानात न उघडताच ‘ब्लॉक-पिस्टन गेला’ म्हणून सांगितलं. बागेतलं गवत कमरेला लागलंय. दुसरं दुकान शोधताना काय बघू?

टूस्ट्रोक: चोकवर चालतो आणि रेसला मरतो, म्हणजे बहुतेक पेट्रोल कमी पडतंय. टाकीतला फिल्टर, नळ्या, प्रायमर बल्ब (पेट्रोल ओढायला दाबायचा फुगा) आणि शेवटी कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा), या क्रमाने बघायचं. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण टाकीत ठेवून मशीन महिनोन्‌महिने पडलं असेल तर डायफ्रॅम कडक होतो. चांगला रबरासारखा लवतो, गेलेला कागदासारखा कडकडतो.

ब्लॉकचं खरं-खोटं घरीच कळेल. इंजिन गार असताना सायलेन्सर काढा, एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. त्यावर उभे ओरखडे असतील तर मेकॅनिक बरोबर. गुळगुळीत असेल आणि रिंग बोटाच्या टोकाने किंचित दबत असेल, तर ब्लॉक-पिस्टन किटचे पैसे खिशातच ठेवा.

बांधावरचा: दुकानात एकच प्रश्न विचारा: ‘पिस्टन धरला, म्हणजे आत घासून अडकला, तर का धरला?’ ऑइल कमी पडलं की क्रँकचं ऑइल सील किंवा कार्बोरेटरखालचं गास्केट हवा ओढतंय? हवा ओढणारं सील तसंच ठेवून नवीन किट घातलं तर तेही धरणार. कारण न शोधता पार्ट बदलणाऱ्याकडे मशीन टाकू नका.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालू, हेही विचारा. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:५० म्हणजे २० मिली. मशीनच्या पुस्तकात असेल तेच खरं. ‘टाका अंदाजे झाकणभर’ म्हणाला तर नमस्कार करून निघा. कॉम्प्रेशन गेज (इंजिनातला दाब मोजायचं मीटर) आहे का बघा, आणि जुने पार्ट परत मागतोय हे आधीच सांगून ठेवा.

टूस्ट्रोक: बाइकचा हुशार मेकॅनिकही इथे फसतो. बाइकच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) असतो, यात डायफ्रॅम. न उघडता कॉम्प्रेसरची हवा मारली की पडदा फाटलाच समजा. आणि स्टिकरवरच्या सीसीवर जाऊ नका, ब्लॉक-पिस्टन किट घेताना पिस्टनचा व्यास मोजायला लावा: ४३ सीसीला साधारण ४० मिमी, ५२ ला ४४.

काजूवाला: सायलेन्सर काढला. पिस्टन साफ, एक ओरखडा नाही. टाकीतला फिल्टर मात्र काळाकुट्ट.

बांधावरचा: मग फिल्टर, नळ्या आणि डायफ्रॅम किट, एवढंच. किट आणताना जुना कार्बोरेटर सोबत न्या, आणि उघडताना पडदा-गास्केटच्या क्रमाचा फोटो काढा. क्रम उलटला की मशीन सुरूच होत नाही, आणि पुन्हा ‘ब्लॉक गेला’ ऐकावं लागतं.