वाय-टू-केत विदर्भातली खेडी कागदामुळे वाचली. 2038 ला कशामुळे वाचणार?

वणीकर

1999 मध्ये वाय-टू-के, म्हणजे सन 2000 च्या तारखेमुळे होणाऱ्या संगणकाच्या घोटाळ्याची हाकाटी झाली, 1 जानेवारी 2000 उजाडली आणि काहीच बिघडलं नाही. म्हणून ती सगळी तयारी फुकट गेली, असं अजूनही ऐकू येतं. मला हे पटत नाही. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवायचे. 99 नंतर 00 आलं की मशीन 1900 धरणार. व्याज, मुदत, वय सगळं चुकणार. ते चुकलं नाही, कारण माणसांनी बसून ओळ न् ओळ तपासली.

आपल्या खेड्यांना मात्र ही झळ लागणारच नव्हती. तेव्हा कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. काट्यावर हाताने पावती, त्यावर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची सही, चुकारा म्हणजे कापसाचे पैसे चेकने, सोसायटीच्या कर्जाची वसुली तिच्या गटसचिवाच्या रजिस्टरात. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात. लाइन गेली तरी गाडी रिकामी होत होती.

आज सरकारी हमीभावाने कापूस विकायचा तर आधी ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग आधारला जोडलेल्या खात्यात पैसे. पीकपेरा मोबाइलवर, रेशन अंगठा घेणाऱ्या ई-पॉस मशीनवर. आणि 19 जानेवारी 2038 ला पुन्हा तसाच घोळ आहे: 1970 पासूनचे सेकंद 32 बिटात, म्हणजे ठरावीक छोट्या जागेत मोजणारी संगणकातली घड्याळं भरून जातील आणि थेट डिसेंबर 1901 दाखवतील. आपल्याकडे तेव्हा सकाळचे 8 वाजून 44 मिनिटं झालेली असतील. ऐन हंगाम, जिनिंगसमोर गाड्यांची रांग. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक बाजार समितीने हंगामात एक दिवस सगळा व्यवहार कागदावर करून पाहावा. आतापासून.

अंजनगावकर

वणीकर भाऊ, भीती विकणाऱ्यांचा धंदा तेव्हाही झाला, आताही होईल. इटली, रशिया यांनी अमेरिकेच्या मानाने फारच थोडा खर्च केला, तरी तिथे काही कोसळलं नाही. 2038 चं म्हणाल तर आजचे मोबाइल आणि सर्व्हर बहुतेक 64 बिटाचे आहेत, त्यांत सेकंद मोजायला भरपूर जागा आहे. आजची ई-पॉस मशीन तेव्हा भंगारात असेल. जिथे पाटाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही, तिथे सरकारी पैसा आणि माणसं यात घालणं मला अन्याय वाटतो.

निवृत्त बँकवाला, यवतमाळ

"काही कोसळलं नाही" हे अर्धंच खरं. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या प्रयोगशाळेत गरोदर बायांचं वय चुकीचं धरलं गेलं आणि दीडशेहून जास्त जणींना डाउन सिंड्रोमच्या तपासणीचे चुकीचे निकाल गेले. जपानमध्ये इशिकावात किरणोत्सर्गावर नजर ठेवणारी यंत्रणा मध्यरात्रीनंतर बंद पडली. आणि इटलीला दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर त्याच मोठ्या कंपन्यांकडून आयतं मिळालं. खर्च दुसऱ्यांनी केला होता.

आमच्या शाखेत तेव्हा लेजर पोस्टिंगचं, म्हणजे खात्यांच्या नोंदी करणारं मशीन होतं. वर्षाच्या शेवटी आम्ही प्रत्येक खात्याची शिल्लक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापली, पानापानावर सह्या केल्या आणि तो गठ्ठा कॅशच्या तिजोरीत ठेवला. मशीन चाललं नसतं तर त्या कागदावरून पैसे दिले असते. आज शाखेत तसा कागद नाही, आणि तो वाचून निर्णय घेण्याचा अधिकारही शाखेला नाही.

घाटंजीचा कास्तकार

काका, तुमचं खरं असन, पण कागदाचे गोडवे नका गाऊ जी. त्या कागदावर ज्याचा पेन त्याचं राज्य होतं. ग्रेडरनं चांगल्या कापसाले खालचा ग्रेड लिवला तर आमी कोनाले सांगावं? चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने चकरा. सोसायटीनं किती कापून घेतलं ते पावती हातात आल्यावर समजे. आता पैसे सरळ खात्यात येतात, मेसेज येतो. मले तो कागद परत नाही पायजे.

पन 2038 काऊन पाहता? आमच्या बुडीच्या, मायच्या, बोटाच्या रेषा कापूस वेचून वेचून झिजल्या. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. दुकानदार म्हनते नंतर या. तिच्यासाठी आजच मशीन बंद हाय.

वणीकर

कास्तकार भाऊ, तुमच्या आईसाठी जी दुसरी वाट लागते, तीच मी मागतो आहे. जुनं रजिस्टर परत आणा असं मी म्हणत नाही. पावतीची एक प्रत शेतकऱ्याच्या हातात असावी, वजन, ग्रेड, भाव लिहिलेली. मशीन बंद पडलं तर त्या प्रतीला किंमत असावी.

अंजनगावकर, सगळं भंगारात जाईल हे गृहीत धरू नका. धरमकाट्याची, म्हणजे गाडी तोलणाऱ्या काट्याची पेटी आणि पंपाचं कंट्रोल पॅनल कोणी बदलत नाही, चालतंय तोवर चालवतात. शिवाय 2018 मध्ये घेतलेल्या 20 वर्षांच्या कर्जाची मुदत आताच 2038 मध्ये जाते. तारखेची चूक त्या दिवसाची वाट पाहत नाही. पुढची तारीख आज मोजायला घेतली की आजच दिसते.

अंजनगावकर

कर्जाचा मुद्दा मान्य, पण तो बँकेच्या मुंबईतल्या मुख्यालयाने सोडवायचा, तालुक्याने नव्हे. तुमच्या सरावाबद्दल माझा आक्षेप कायम आहे. बाजार समितीने दिवसभर कागदावर काटा केला आणि संध्याकाळी बँक म्हणाली की सिस्टीममध्ये नोंद नाही, तर त्या शेतकऱ्याचा कापूसही गेला आणि पैसेही अडकले. आधी सरकारकडून लेखी घ्या: यंत्रणा बंद असताना हाती लिहिलेल्या पावतीवर किती रक्कम द्यायची, कोणाच्या सहीने, किती दिवसांत. रेशनलाही तेच, अंगठा न लागणाऱ्याला त्याच दिवशी धान्य. एवढं ठरवून घेतलंत तर तुमच्या मागणीवर मी सही करीन. त्याआधी कोणाच्याही गाडीवर सराव नको.