सोमवारपासून भावाची कारखान्यात पहिली नोकरी, सेफ्टीचं नेमकं काय काय शिकून घ्यावं?

नवी_पाळी
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला मशीन शॉपमध्ये हेल्परची नोकरी लागलीये, सोमवारी जॉइन होतोय. वय १९, याआधी कारखाना आतून पाहिलेलाच नाही. लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापतात ते मशीन), ड्रिल, दोन प्रेस, वेल्डिंगचा एक कोपरा आणि मागे थिनर-पेंटचं स्टोअर असं काहीसं आहे म्हणतो. शूज, हेल्मेट, गॉगल कंपनी देणार आणि पहिल्या दिवशी अर्धा तास ट्रेनिंग. अर्ध्या तासात काय कळणार याचीच मला धास्ती वाटतेय, कारण पोरगा कामाला वाघ आहे पण 'मला हे येत नाही' म्हणायची त्याला लाज वाटते, कोणी हाक मारली की धावत सुटतो. तुमच्यातले जे शॉप फ्लोअरवर आहेत त्यांनी सांगा, पहिल्या काही दिवसांत त्याने कशाकडे लक्ष द्यावं, काय विचारून घ्यावं, स्वतःचं काही घेऊन जावं का? पोस्टर पुष्कळ वाचली, मला माणसांचा अनुभव हवाय.

जुना_फिटर
ताई, २२ वर्षं मेंटेनन्समध्ये आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. भावाला एकच गोष्ट पक्की सांगा, मशीन थांबलंय म्हणजे बंद आहे असं नाही. माझाच किस्सा सांगतो. नोकरीचा बारावा दिवस, एका फिक्स्चरमध्ये (जॉब पकडून ठेवायचा साचा) जॉब, म्हणजे ज्याच्यावर काम चालू असतं तो तुकडा, अडकला होता, ऑपरेटर म्हणाला पॅनल बंद केलाय, काढ. मी बघितलं, दिवे विझलेले, आवाज नाही, घातला हात. जॉब हलवून हलवून सैल केला आणि तो सुटला त्याच क्षणी वरचा क्लॅम्प खाडकन खाली आला. वीज बंद होती हो, पण सिलिंडरमध्ये हवा तशीच भरलेली होती, जॉब अडकलेला म्हणून ती थांबली होती, जॉब निघाल्यावर तिने आपला स्ट्रोक पुरा केला. ग्लोव्हजचं टोक क्लॅम्पखाली चपटं होऊन राहिलं आणि बोट आतून सुटून आलं, केवळ ग्लोव्हज एक नंबर मोठे होते म्हणून. ते टोक मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो.
तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की हवेची लाइन वेगळी बंद करायची असते आणि आतली हवा सोडून द्यायची असते, गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघायचा असतो. हायड्रॉलिकचं प्रेशर, ताणलेली स्प्रिंग, वर उचलून ठेवलेली प्रेसची रॅम (वरखाली होणारा जड भाग), पॅनलमधले वीज साठवणारे कपॅसिटर, गरम झालेला हीटर, हे सगळं मेन स्विच पाडल्यावरही जिवंत असतं. उचललेल्या वजनाखाली ठोकळा किंवा सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय हात घालायचा नाही. जो हात घालणार त्याने स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्याच खिशात, वर नावाचा टॅग, आणि कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून बघायचं की खरंच चालू होत नाही ना, मग बटण परत ऑफला आणायचं. चौघं काम करत असतील तर चार कुलपं. दुसऱ्याच्या कुलपाच्या भरवशावर आपण हात घालायचा नाही आणि दुसऱ्याचं कुलूप कधी काढायचं नाही.
तुमचा भाऊ हेल्पर आहे, हे काम त्याचं नाहीच. पण 'जरा हात घाल रे' म्हणून बोलावतात ते नव्या पोरालाच, म्हणून एवढं लिहिलं.

लेथवाली
वरच्या प्रतिसादाला +१०००. मी चक्कीपाशी काय होतं ते सांगते (आमच्याकडे लेथलाच चक्की म्हणतात सगळे). फिरणाऱ्या मशीनजवळ लोंबणारं काहीही नको, पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, गळ्यातली चेन, दोरा, आयकार्डची पट्टी, अंगठी, मोबाइलचे इअरफोन, काही नको. माझे केस लांब आहेत, अंबाडा घालून वर टोपी, नुसती वेणी पाठीवर टाकून चालत नाही कारण वाकलं की ती पुढे येते. चकची (जॉब पकडून फिरवणारा जबडा) चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून, चावी हातात नसेल तर ती तिच्या खुंटीवरच हवी. मशीन चालू झाली आणि चावी आत राहिली तर ती गोळीसारखी सुटते.
आणि चिप्स (जॉब कापताना निघणारे धातूचे काप) हाताने ओढायच्या नाहीत, हुक असतो त्याने, तेही मशीन पूर्ण थांबल्यावर. लांब निळसर गुंडाळी बघायला रिबिनीसारखी मऊ वाटते पण ब्लेड असते ती, शिवाय गरम.

ड्रिल_७८
पण ताई चिप्सने हात कापतात म्हणून आमच्याकडे सगळे ग्लोव्हज घालूनच ड्रिलवर बसतात, त्याचं काय? आम्हाला तर उलट ग्लोव्हज नाही घातले तर ओरडा पडतो.

लेथवाली
@ड्रिल_७८ पत्रे उचलायला, धारदार जॉब गाडीवर लावायला ग्लोव्हज हवेतच. पण स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) फिरत असताना नको. नुसता हात घासला तर कातडी सोलवटेल, ग्लोव्हजचा एक धागा ड्रिलला लागला तर ते आख्खा हात आत गुंडाळतं, खेचून घ्यायला वेळच मिळत नाही. लोड करताना घाला, चालू करायच्या आधी काढा. ओरडणाऱ्यांना हे शांतपणे एकदा विचारा की मशीनच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय. आणि ड्रिलवर जॉब हाताने धरू नका, व्हाइसमध्ये (आवळून धरणारा शिकंजा) पकडा, बिट अडकलं की जॉब पंख्यासारखा फिरतो.

जुना_फिटर
बरोबर. ग्राइंडरचंही लिहून ठेवा, नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात तिथे पाठवतात. टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि चाक यात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, नाहीतर जॉब मध्ये खेचला जातो. चाकावर छापलेला आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर ते चाक लावायचंच नाही. नवं चाक लावल्यावर बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं फिरू द्यायचं, समोर उभं राहायचं नाही. इथे नुसता गॉगल पुरत नाही, वरून फेसशिल्ड पण हवी.

प्रथमोपचार_खोली
मी कारखान्याच्या प्रथमोपचार केंद्रात नर्स आहे. माझ्याकडे लोक उशिरा येतात हे माझं सगळ्यात मोठं दुःख आहे, म्हणून तीनच गोष्टी लिहिते.
पहिली, डोळ्यात केमिकल गेलं की आधी पाणी, मग बाकीचं. निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून, आणि बाजूच्याने तोपर्यंत मला किंवा डॉक्टरांना बोलवायचं. त्यासाठी आय वॉश (डोळे धुवायचा नळ) कुठे आहे हे पहिल्या दिवशी बघून ठेवायला हवं, डोळे मिटलेले असताना ते शोधता येत नाही. भावाला सांगा की जागेवरून तिथपर्यंत एकदा चालत जा.
दुसरी, वेल्डिंगचा आर्क, म्हणजे तो झगझगीत उजेड. मास्क नसताना नुसता बघत उभा राहिलेला हेल्पर दिवसभर ठणठणीत असतो, आणि रात्री झोपेतून उठतो, डोळ्यात वाळू भरल्यासारखं, पाणी थांबत नाही. त्याला कळतसुद्धा नाही की हे दुपारचं आहे. म्हणून पडद्याच्या मागे राहायचं.
तिसरी सगळ्यात महत्त्वाची. हायड्रॉलिक पाइपला बारीक भोक पडलेलं असलं तर ते हात फिरवून शोधायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून बघतात. प्रेशरचं ऑइल कातडीतून आत घुसतं. बाहेरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि माणूस काम करत राहतो. हे तातडीच्या ऑपरेशनचं प्रकरण असतं, काही तासांत बोट किंवा हात जाऊ शकतो. 'एवढंसं तर आहे' म्हणून घरी जायचं नाही, हॉस्पिटलमध्ये जाऊन प्रेशरचं ऑइल घुसलंय असं शब्दांत सांगायचं. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकतात तेही याच कारणाने बंद करा, आमचे लोक सुट्टी झाली की पाइप घेऊन एकमेकांच्या अंगावर हवा मारतात, मला ते बघवत नाही.

कान_जपा
आवाजाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. हात लांब केला की पोचेल एवढ्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं समजा. ८५ ला ८ तास ही मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २. मी हे उशिरा शिकलो, उजव्या कानात आता शिट्टी वाजत राहते ती रात्रीपण थांबत नाही. बहिरेपण दुखत नाही म्हणून कळत नाही.

स्टोअरवाला
थिनरच्या स्टोअरचं मी सांगतो. साधा धुळीचा मास्क वाफेला काहीही अडवत नाही, वाफेला वेगळी काडतुसं असलेला मास्क लागतो आणि दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही, बाजूने वाफ आत येते. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीच काही ओतून ठेवायचं नाही, लेबल नसलेला डबा उघडून वास घेऊन ओळखायचा नाही. प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट असते, तिचे १६ भाग असतात, सगळे वाचायची गरज नाही, भाग ४ प्रथमोपचार, ५ आग, ८ ला काय घालायचं, एवढे तीन वाचले तरी खूप. ऑक्सिजन सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेलाचा हात लावायचा नाही, ग्रीस तर नाहीच, पेट घेतं.
आणि हे मनापासून सांगतो, टाकीत किंवा खड्ड्यात कोणी पडलेलं दिसलं तर वाचवायला आत उडी मारायची नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली आला की ती जागा धोक्याची, आणि आपल्या नाकाला ते कळत नाही. एकामागून एक आत गेलेली माणसं तिथेच राहतात. बाहेरून आरडाओरडा करा, हवा मोजायचं मीटर आणि हवेचा संच घेऊनच आत जायचं असतं. धावत सुटणाऱ्या पोराला हे आधी सांगा.

नवी_पाळी
वाचून रडूच आलं मला, इतक्या आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी. भावाला शेजारी बसवून वाचून दाखवलं. तो म्हणतो कळतंय सगळं, पण सिनियर बोलावतो तेव्हा नाही कसं म्हणायचं?

जुना_फिटर
नाही म्हणू नको, दाखवा म्हण. 'दादा, हे मला अजून कोणी शिकवलं नाही, एकदा तुम्ही करून दाखवता का, मग मी करतो.' बहुतेक जण थांबून दाखवतात. ज्याला दाखवायला वेळ नाही त्याच्याबरोबर ते काम करायचं नाही, सरळ सुपरवायझरकडे जायचं आणि तेच वाक्य बोलायचं. मी आज नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच वाक्य पाठ करायला लावतो, तीनदा मोठ्याने म्हणवून घेतो. गार्ड काढून काम करायला सांगितलं तर मात्र स्पष्ट नाही. आणि काही थोडक्यात चुकलं, कोणाला लागलं नाही, तरी सांगायचं. माझ्या क्लॅम्पचं मी आठवडाभर कोणाला बोललो नव्हतो आणि दुसऱ्या शिफ्टला तेच परत झालं. त्या शिफ्टमधल्या एकाचं बोट गेलं.

नवी_पाळी
नऊ दिवसांनी अपडेट देतेय. पहिल्या दिवशी तो आय वॉशपर्यंत चालत गेला, पाणी चालू होतं. त्याच्या प्रेसच्या इमर्जन्सी स्टॉपसमोर क्रेट रचून ठेवलेले होते, हात पोचत नव्हता. दोन दिवस गप्प बसला, तिसऱ्या दिवशी सुपरवायझरला बोलला, त्याच दुपारी क्रेट हलले आणि खाली पिवळी पट्टी मारली. ते वाक्य पण दोनदा वापरलं म्हणे. शूज कंपनीने एक नंबर लहान दिले होते ते बदलून घेतले. एकच अडचण, फोमचे इअरप्लग सारखे निसटतात, तो म्हणतो काही उपयोगच वाटत नाही.

कान_जपा
नीट बसत नसणार. हात स्वच्छ धुवून प्लग बोटांनी दाबत दाबत बारीक कांडीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि बोटाने तसाच धरून ३० पर्यंत मोजायचं, फोम फुगेपर्यंत. बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. समोरून बघणाऱ्याला प्लग बाहेर आलेला दिसत असेल तर परत काढून घालायचा. तरी बसलाच नाही तर लहान साइज मागून घे म्हणावं.